गाढवाचा डोळा

तिला सगळे गाढववाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. पोस्टमन म्हणतो, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो, शेजारचा इस्त्रीवाला तर "या गाढववाल्या बाई, बसा" असं इतक्या आदराने म्हणतो की चिडायचीही सोय नाही. खोटं कशाला बोला, पहिल्या वर्षी तिलाही गंमत वाटायची. पण गंमत तरी किती ताणायची? रबर असतं तर एव्हाना तुटलं असतं.

हे गाढव आलं कुठून ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ती कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात छपाईच्या विभागात होती. शर्टावर काय छापायचं त्याची चित्रं काढायची. म्हणजे कागदावर तिचं काम चित्रं काढायचं, आणि प्रत्यक्षात साहेब सांगतील ते गिरवायचं. साहेब म्हणायचे, पट्टे द्या. दिले. चौकोन द्या. दिले. एकदा म्हणाले, फूल द्या, पण फार फुलासारखं नको. आता फुलासारखं नसलेलं फूल कसं काढायचं हे त्या माणसाच्या बापजाद्यांनाही सांगता आलं नसतं. तिने आपल्या मनाने एक काढलं. साहेबांनी ते सगळ्या विभागासमोर वर धरलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला विचार करायला ठेवलेलं नाही." सगळे हसले. हसणाऱ्यांत तिच्याबरोबर डबा खाणारी मैत्रीणही होती. तिने पेन्सिल टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि चालती झाली.

घरी येऊन तोंड धुतलं, आरशात बघितलं. नाक लाल, गाल सुजलेले, आणि एक डोळा असा काही वटारलेला की आरशाने घाबरून मागे सरावं. तिला एकदम हसू आलं. तशीच बसली आणि समोर होता तो डोळा काढला. डोळ्याभोवती गाढव आपोआप आलं. जगाकडे पाठ करून बसलेलं, मान तेवढी मागे वळवून एका डोळ्याने बघणारं. खाली तिने लिहिलं, "मला विचारू नका." एका जुन्या पांढऱ्या टी-शर्टवर ते छापलं आणि नवऱ्याला दिलं. नवरा ते घालून चहा प्यायला गेला, आणि परत आला तो चौघांची मागणी घेऊन.

झालं. लोकांना ते गाढव एवढं आवडलं, एवढं आवडलं की विचारू नका. ज्याला त्याला वाटायचं, हे आपलंच चित्र आहे. बँकेतले कारकून ते आतून घालायचे आणि वरून शर्टाची बटणं लावायचे. दवाखान्यातल्या नर्सा सुट्टीच्या दिवशी घालायच्या. तिने फ्रेमा आणल्या, रंगाचे डबे आणले, पुढच्या खोलीत लांब टेबल टाकलं आणि स्वतःचा धंदा सुरू केला. आता साहेब नाही, पट्टे नाहीत, चौकोन नाहीत. आपण आपल्या मर्जीच्या मालक. असं तिला वाटलं होतं, बिचारीला.

पुढची खोली एकदा बघून घ्या, म्हणजे ती कुठे अडकली ते कळेल. मधोमध टेबल. त्यावर शर्ट ताणून बसवायच्या पाट्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर चिमट्यांनी अडकवलेले ओले शर्ट. स्वयंपाकघरात जायचं तर कमरेत वाकून, गाढवांच्या पोटाखालून. खिडकी एकच, तीही कायम बंद. कारण छपाईचा रंग पाण्यातला. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी शर्टावर टेकवायची, वर रंग ओतायचा, आणि लाकडी मुठीच्या रबरी पट्टीने तो एका दमात ओढायचा. जाळीत जिथे चित्र मोकळं ठेवलंय तिथून रंग खाली उतरतो. पण एकदा रंग ओतला की थांबायचं नाही. जरा वारा लागला, जरा हात थबकला की रंग जाळीतच वाळतो, भोकं बुजतात आणि ती जाळी गेली कामातून. म्हणून खिडकी बंद, पंखा बंद, आणि हाताला उसंत नाही. फोन वाजला तर वाजू दे, दारात कोण आलं तर उभं राहू दे. ओढ, उचल, दुसरा शर्ट. ओढ, उचल, दुसरा शर्ट.

तशी तिने दुसरी चित्रंही काढून बघितली. शिंप्याचे दोन हात काढले, सुईत दोरा ओवताना. गळका नळ काढला आणि त्याच्याखाली झोपलेलं कुत्रं. भिंतीला टेकवलेली शिडी काढली, जिच्यावर कुणीच नाही. सुंदर चित्रं होती, मी काही तिच्या नात्यातली नाही, उगाच कशाला सांगेन. गिऱ्हाईक यायचं, शिडीचा शर्ट उलगडून बघायचं, "छान आहे हो" म्हणायचं, आणि घडी मोडलेली तशीच ठेवून विचारायचं, "गाढव कुठंय?" त्या शर्टांचे गठ्ठे पलंगाखाली गेले. ती रोज रात्री शिंप्याच्या हातांवर आणि झोपलेल्या कुत्र्यावर झोपते म्हणा ना.

बरं, दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, नाही काढत जा गाढव, काय करायचं ते करा. तिला ते म्हणता येईना, कारण म्हणायचं कुणाला? साहेब असता तर पेन्सिल टेबलावर ठेवून निघून आली असती. इथे घरची माणसं. आपलेच दात, आपलेच ओठ.

नवरा आधी पार्सलची गाडी चालवायचा. लांबलांबचे पल्ले, घरी आला की झोप, उठला की गाडी. गाढव चालायला लागलं तसा तो म्हणाला, "तू एकटी मरशील याच्यात. मी येतो." नोकरी सोडली आणि टेबलापाशी उभा राहिला. आणि हा माणूस खुलला. गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो, शर्ट वाळत घालताना शीळ घालतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमच्या हिच्या डोक्यातून निघालंय हे." पहिला शर्ट, तोच जुना पांढरा, धुऊन धुऊन मलमलीसारखा झालाय, तरी आठवड्यातून दोनदा अंगात. आता याला सांगायचं काय, की बाबा रे, मला हे गाढव बघितलं की मळमळतं?

दुसऱ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, नाही म्हटलं तर नाही. एक दिवस आपण होऊन बाहेर आल्या, खुर्ची ओढली आणि शर्टांच्या घड्या घालायला लागल्या. मग बोलायला लागल्या. मग तर अशा बोलायला लागल्या की गिऱ्हाइकांची पळता भुई थोडी. "तुम्हाला एल होणार नाही, पोट बघा आधी." आणि लोक हसत हसत मोठा शर्ट घेऊन जायचे. सुनेला वाटायचं, या गाढवाने माझ्या सासूला उठवून बसवलं. मी गाढव बंद केलं तर ही बाई परत भिंतीकडे तोंड करेल, आणि ते पाप माझ्या माथी. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी गत.

त्यातच फोन आला. मुलांची पुस्तकं काढणारी एक बाई, दुसऱ्या गावातली. तिच्या भाचीने शिडीचा शर्ट घेतला होता. हो, अख्ख्या जगात तो एकच विकला गेला होता. पुस्तकवाली म्हणाली, "ही शिडी काढणारा हात मला हवाय. मोठं काम आहे, प्राण्यांचं. घरी बसून व्हायचं नाही, वर्षभर इथे येऊन राहावं लागेल. राहायला खोली आहे. सुट्टीला घरी जा. मंगळवारी दुपारी फोन करते, हो की नाही तेवढं सांगा."

"प्राणी कोणकोणते?" तिने विचारलं.

"गाढव सोडून सगळे," ती बाई म्हणाली. थट्टेतच म्हणाली असेल. पण फोन ठेवल्यावर आमची गाढववाली बंद खिडकीपाशी जाऊन काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिला स्वतःची लाज वाटली.

मंगळवारपर्यंत तिने घरात एक अक्षर काढलं नाही. तोंडात मूग भिजत घातले जणू. मंगळवारी सकाळी नवरा उठला तोच उड्या मारत. आदल्या दिवशी मोठी मागणी आली होती, दोनशे शर्टांची, आणि कुठून, तर तिच्याच जुन्या कारखान्यातून. कामगारांच्या सहलीसाठी सगळ्यांना गाढवाचे शर्ट, साहेबांसकट. "अडला हरी म्हणतात तो हाच," नवरा म्हणाला. "तुला विचार करायला ठेवलं नव्हतं ना? आता घाला म्हणावं गाढव छातीवर." आणि काहीतरी आणायचंय, सरप्राइज आहे असं सांगून बाहेर पळाला.

तिला हसू यायला हवं होतं. तिला वाटलं, ज्या दारातून मी बाहेर पडले त्याच दारातून हे मला परत आत ढकलतायत, तेही दोनशे वेळा.

नवरा गेला तशी सासूबाईंनी आतून हाक मारली. "जरा इकडे ये गं."

पलंगावर त्यांनी शर्ट पसरून ठेवले होते. एकाशेजारी एक, सगळी गाढवं. आता इथे छपाईतली एक गोष्ट सांगायला हवी. जाळी काही दिवसांनी ढिली पडते, मग नवी करावी लागते, आणि नव्या जाळीसाठी चित्र पुन्हा काळ्या शाईने पारदर्शक कागदावर काढलेलं लागतं. शहाणी माणसं एकदा काढलेला कागद जपून ठेवतात. हिचा बाणा वेगळा. प्रत्येक वेळी नव्याने हाताने काढायची. "झेरॉक्स मारायला ही काय कचेरी आहे?" म्हणायची. तेवढंच एक तिच्या मर्जीचं उरलं होतं.

"दर नव्या जाळीचा एकेक मी बाजूला ठेवत आले," सासूबाई म्हणाल्या. "बघ."

तिने बघितलं. पहिल्या शर्टावर डोळा टक्क उघडा, वटारलेला, आता लाथ घालेल असा. त्यानंतरच्यावर पापणी जराशी खाली. त्यानंतर आणखी खाली. शेवटच्या शर्टावर नुसती एक फट होती. गाढव तेच, कान तेच, पाठ तीच. कुणा गिऱ्हाइकाला कळलं नाही, नवऱ्याला कळलं नाही, आणि काढणारीलाही नाही.

"झोपायला आलंय तुझं गाढव," सासूबाई म्हणाल्या. "घड्या घालताना रोज माझ्याकडे बघतं, मला कळणार नाही होय? काय झालंय?"

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पुस्तकवाली, खोली, वर्षभर, आज दुपारी फोन. आणि मग म्हणाली, "पण आई, कसं जाऊ? तुम्ही या कामात रमलात. मी गेले तर तुम्ही परत..."

"कोण रमलं?" सासूबाई म्हणाल्या. "मी? अगं, माझी पाठ बघ, दोन मणके बोंबलतायत. त्या दिवशी तू एकटी घड्या घालत होतीस आणि तुझा चेहरा बघवेना, म्हणून बसले. मग तू म्हणालीस, आई तुम्हाला हे काम मानवलं. आता मानवलंय म्हटल्यावर उठू कशी? मला काय या वयात गाढवांची हौस आहे?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू सांगितलंस?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंना आधी हसू फुटलं आणि तिला नंतर, आणि तिचं हसता हसता कधी रडणं झालं ते तिलाही समजलं नाही. सासूबाईंनी तिला पदर दिला नाही, एक छापलेला शर्टच दिला डोळे पुसायला.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या. "तो काही वाघ नाही."

"वाघ असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली.

एवढ्यात बाहेर शिडी आपटल्याचा आवाज झाला. दोघी शर्टांखालून वाकून दारात आल्या. नवरा शिडीवर चढला होता आणि दारावर पाटी ठोकत होता. रंगवलेली, चांगली दारभर लांब. एका बाजूला मोठं गाढव आणि शेजारी ठसठशीत अक्षरात "गाढववाली". रस्त्यावरची दोनचार माणसं थांबून बघत होती. इस्त्रीवाला हात झाडत बाहेर आला होता.

"कसं झालंय?" नवऱ्याने वरून विचारलं.

पाटीवरच्या गाढवाचा डोळा उघडा होता. टक्क.

"डोळा..." ती म्हणाली.

"तेच तर." तो खिळा तोंडात धरून बोलत होता. "पेंटरला मी पहिला शर्ट दिला, माझा. म्हटलं, हाच डोळा पाहिजे. हे गाढव नाही, ही आमची ही आहे. नोकरी सोडून आली त्या दिवशी अशीच बघत होती. मी दारातून बघितलं होतं तुला आरशासमोर. तुला काय वाटलं, मला माहीत नाही?"

सगळ्या गावाने तिचा चेहरा अंगावर घालून मिरवला होता आणि तो कुणाचा हे एकालाच ठाऊक होतं. तीन वर्षं तो गप्प होता, आणि आठवड्यातून दोनदा तो चेहरा छातीवर घेऊन हिंडत होता.  आता सांगायचं म्हणजे याच्या पायाखालची शिडी काढून घ्यायची.

सासूबाईंनी शिडीचे दोन्ही पाय हातांनी घट्ट धरले आणि सुनेकडे बघितलं. बोल, असं.

"मला गाढव काढायचा कंटाळा आलाय रे," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण त्याला ऐकू गेलं.

तो वरच थांबला. हातोडी हवेत. भिंतीकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ. मग त्याने मान तेवढी वळवली, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता, साधी काळजी होती. "मग उतरवू का पाटी?" त्याने विचारलं. "उतरवतो. दोनच खिळे मारलेत."

एवढं बोलून तो खरंच खिळा उपसायला लागला. माणूस चिडला असता तर तीही चिडली असती, भांडण झालं असतं, भांडणाच्या भरात पुस्तकवालीचं नाव बाहेर आलं असतं. पण तो आपला मुकाट्याने खिळा उपसत होता.

"राहू दे," तिच्या तोंडून गेलं.

"नक्की?"

"नक्की. छान दिसतंय."

आणि ती आत निघून गेली. सासूबाई शिडी धरून उभ्याच. त्यांनी कपाळाला हात लावला असता, पण शिडी कोण धरणार?

आत टेबलावर कारखान्याच्या शर्टांचा पहिला गठ्ठा तयार होता. तिने टेबलावरच्या पाटीवर शर्ट ताणला, जाळी टेकवली, रंग ओतला आणि पट्टी ओढली. एक गाढव. उचल, दुसरा शर्ट. दुसरं गाढव. संपलं म्हणायचं, तिला वाटलं. हीच आपली खोली, हीच दोरी, आपण सुखी माणसांच्या मधोमध मरणार आणि लोक म्हणणार, काय हसतमुख बाई होती. तिसरा शर्ट. खिडकीबाहेर दुपार झाली होती, काचेतून तेवढी दिसत होती. कपाळावरून घाम ओघळला तो पुसायलाही हात मोकळा नव्हता.

चौथ्या शर्टाला फोन वाजला.

फोन दाराजवळच्या फळीवर. ती टेबलापाशी, दोन्ही हात पट्टीवर, जाळीत ओला रंग. थांबायचं नाही हा नियम तिचाच होता, तिनेच नवऱ्याला शिकवला होता. फोन वाजत राहिला. ती ओढायची विसरली. जायची पण विसरली. नुसती उभी राहिली.

सासूबाई शिडी सोडून आत आल्या, खाली वाकल्या, ओल्या गाढवांखालून तरातरा फळीपाशी गेल्या आणि फोन उचलला.

"हो, गाढववालीचंच घर," त्या म्हणाल्या. "हो, येणार आहे ती. हो, वर्षभर. मी कोण? मी तिची सासू. घरात विचारायचं ते मलाच विचारा, तिला विचारू नका."

त्यांनी फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दारात नवरा उभा होता, हातोडी घेऊन. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग जाळीकडे. काठाने रंग फिका पडत चालला होता. एरवी असं दिसलं की तो ओरडायचा, "ओढ गं, वाळतोय." आताही त्याने तोंड उघडलं. आणि मिटलं.

"कुठे?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या गावी," ती म्हणाली. "पुस्तकांची चित्रं. सुट्टीला येईन मी." आणि मग जे तीन वर्षं अडलं होतं ते आलं. "मला इथे श्वास घेता येत नाहीये रे. तुझ्यामुळे नाही. पण येत नाहीये."

त्याने हातोडी फळीवर ठेवली. वाकून शर्टांखालून आत आला, टेबलाला वळसा घातला आणि खिडकीशी गेला. कडी गंजून बसली होती, दोनदा बुक्की मारावी लागली. मग खिडकी उघडली आणि वारा आत आला. दोऱ्यांवरची सगळी गाढवं हलली. जाळीतला रंग त्यांच्या डोळ्यांदेखत वाळला, आधी कान गेले, मग पाठ, शेवटी डोळा. कुणी हात लावला नाही.

"तुला पोचवायला मी येतो," तो म्हणाला. "रस्ता माझ्या पायाखालचा आहे. त्या गावाला पार्सलं नेली आहेत मी."

 तिने पट्टी खाली ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदा, रंग ओतल्यावर, काम अर्धं असताना. हात मोकळे झाले तसा तिने कपाळावरचा घाम पुसला, आणि सासूबाई म्हणाल्या, बसा दोघं, मी चहा टाकते.